पाणी काढून ठेवा

मौतीची खबर घेऊन जाणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नसते. आमच्या सानगडीत ही रीत आहे, आजूबाजूच्या गावायतही आहे. खबर तोंडात असेपर्यंत त्या घरचं पाणी तोंडात घ्यायचं नाई, असं माही सासू म्हणे. मले ही रीत गावातल्या दुसऱ्या बायकायपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण खबर नेणारा माणूस माह्याच घरचा होता. तेजराम त्यायचं नाव. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणाले नाक मुरडायचं असन तर मुरडा बाप्पा, माहे केस पिकले आता.

हे काम आधी गावानं ज्या लोकायच्या माथी मारलं होतं, त्यायनं ते टाकून दिलं. चांगलं केलं. फुकटची बेगार कोणी कायले करावी? पण मंग गावाले कोडं पडलं. सोयरे दहा गावायत पसरलेले, मढं घरात, आणि सांगावा न्यायचा कोणी? आमच्याकडे धानाच्या जराशा बांध्या होत्या आणि एक सायकल होती. बांध्या पोटाले पुरत नव्हत्या, सायकल मात्र धडधाकट होती. आमचे हे पहिल्यांदा गेले ते शेजारधर्म म्हणून. मंग दुसऱ्या घरचं बोलावणं आलं, तिसऱ्या घरचं आलं, आणि सत्तर-एकाहत्तरपासून ते त्यायचंच काम होऊन बसलं. ज्याच्या घरचा सांगावा नेला असन, तो चुरण्याच्या, म्हणजे धानाच्या मळणीच्या वेळेस पायली-दोन पायली धान आणून टाके. त्यावर आमचं वर्ष निघे.

सायकल असली म्हणजे हे काम जमते, असं नाई. हे कधी कोणाच्या दारात जाऊन धाडकन 'मेला' म्हणत नसत. सायकल शेजारच्या कुंपणाले टेकवत. उंबऱ्याच्या बाहीर उभे राहत, खाटेवर बसा म्हटलं तरी बसत नसत. 'तब्येत जास्त आहे, चला' एवढंच म्हणत. घरातले जेवले आहेत का ते पाहत, नसले तर आधी जेवायले लावत. मंग बंडी जुंपायले सांगत, नाई तर एसटीत बसवून देत, आणि परत येताना त्यायच्या संगच येत. मयतीच्या गावाची शीव आली, की तिथं थांबून खरं सांगत. तिथून घर जवळ असते, चार हात धरायले असतात, रडता रडता माणूस पोचते. वाटेत सांगितलं तर मधातच मोडून पडते. खरं सांगून झालं, की मंग हे कुठल्या बोअरिंगवर जाऊन पाणी पीत. तोवर जीभ टाळूले चिकटली तरी घोटभर नाई. वैशाखात चाळीस मैल सायकल मारलेला माणूस, समोर भरला गडवा, आणि हात लावायचा नाई! मी लगित भांडली यावरून. म्हटलं, कोण पाहून राहिलं? हे म्हणत, "मी पाहून राहिलो ना."

आणि सोयरिक जुळली, कोणाले पोरगं झालं, अशी खबर असली, की याच्या उलटं. गल्लीच्या तोंडावरूनच ओरडत, "पाणी काढून ठेवा हो!" ते आयकलं की बायका हसतच गडवा घेऊन बाहीर येत.

माहं माहेर बपेऱ्याचं, तुमसरच्याही पलीकडे, पार मध्य प्रदेशाच्या शिवेवर. इतक्या दूर कायले दिलं म्हणून मी बापाच्या नावानं जन्मभर बोटं मोडली. हे कधी त्या बाजूनं गेले, की माह्या मायकडे डोकावत. माही माय देवकाबाई. जावई दिसला की ती नमस्कार-चमत्कार काही करत नसे. आधी विचारे, "पाणी देऊ ना जावईबापू?" हे 'द्या' म्हणेपर्यंत तिचा जीव टांगलेला. द्या म्हटलं, की मंग ती हसे आणि पोरी-नातवायची चौकशी सुरू करे.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास गावात फोन आला. भैय्यालाल शेठच्या कापडाच्या दुकानात. शेठचे वडील मागावर बसून लुगडी विणत. शेठनं माग काढून टाकले आणि त्याच जागेवर गिरणीच्या कापडाचं दुकान मांडलं. भाव विचारायले रोज नागपूरले जाणं परवडत नाई म्हणून त्यानं फोन घेतला. शेठाणी गीताबाईनं त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल अंथरला, नारळ फोडला, आणि आम्ही बाया तो काळा डब्बा पाहायले गेलो. वाजला तवा अर्ध्या बाया दचकून बाहीर पळाल्या. मी नाई पळाली. मले फक्त राग आला, कायचा ते तवा समजलं नाई.

गावातली पोरं वरठीच्या कारखान्यात होती, भिलाईले होती, नागपूरले होती. सगळ्यायनं शेठचा नंबर लिहून घेतला. पहिली मौतीची खबर फोनवर आली ती कृष्णराव पाटलाच्या आत्याची. कृष्णराव तवा दुकानात धोतरजोडी घ्यायलेच बसले होते. शेठनं नुसता फोन त्यायच्या हातात दिला. तिकडून पुतण्या बोलला, आत्या वारली, उद्या सकाळी माती आहे, आणि तीन मिनिटं झाली म्हणून फोन बंद. चार गिऱ्हाईकं समोर, पोरंसोरं समोर. कृष्णराव तो फोन धरून उभेच. ठेवायचा कसा ते त्यायले माहीत नव्हतं, आणि विचारावं तरी कोणाले? शेवटी गीताबाईनं तो त्यायच्या हातातून सोडवून घेतला. तिनंच मले हे सांगितलं. म्हणे, "धुरपताबाई, माणूस असा उघडा पडलेला मी पाहिला नाई."

त्या वर्षी आमच्या यायले सांगावा न्यायचं बोलावणं जवळजवळ आलंच नाई. ज्या गावायत फोन नव्हते तिथं एखाद-दुसरा सांगावा, बाकी सगळं शेठच्या डब्ब्यावर. चुरणा झाला, पण कोणी पायली घेऊन दारात आलं नाई. लोकायचाही दोष नाई, नेला नाई त्या सांगाव्याचं धान कोण देईन? हे रोज सायकल पुसत, चेनीले तेल घालत, आणि सावलीत उभी करून ठेवत. मी म्हटलं, वरठीले जा, तिथं ठेकेदार माणसं घेऊन राहिला. म्हटलं खरं, पण पिशवी काही काढली नाई. वरठीले गेलेली माणसं पंधरा-पंधरा दिवस घरी येत नसत, आणि आली की गप्प बसून राहत. हे म्हणाले, "जाईन. एवढा धानाचा रोवणा होऊ दे." पुढचा रोवणा झाला की घर मोडणार, हे मी धरूनच चालली होती.

तेवढ्यात शेठचाच निरोप आला. त्याच्याही डोक्याले ताप झाला होता. फोन येई भलत्याचा, तिकडचा माणूस म्हणे, अर्ध्या घंट्यानं पुन्हा लावतो, तोवर अमक्याले बोलावून ठेवा. आता दुकान सोडून शेठ कोणाकोणाच्या घरी पळन? त्यानं यायले म्हटलं, तू दुकानाच्या पायरीवर बस, फोन आला की माणूस बोलावून आण. ज्याचा फोन तो तुले काही देईन, महिन्याचं मी पाहतो. मी देवापुढे साखर ठेवली. वरठी टळली होती.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. फोन आला सत्यभामाबाईच्या पोराचा, वरठीवरून. हे सायकल हाणत तिच्या घरी गेले, सवयीनं सायकल शेजारच्या कुंपणाले टेकवली, सवयीनं उंबऱ्याबाहीर उभे राहिले आणि म्हणाले, "वरठीवरून फोन आहे, चला." सत्यभामाबाई बिचारी सूप टाकून उठली. तिनं विचारलं, पाणी देऊ? यायले वाटलं, अर्धा घंटा निघून जाईन, पहिलाच दिवस, शेठ रागावन. म्हणाले, "नको, चला लवकर."

झालं! बाईनं तिथंच छाती बडवून घेतली. सगळी गल्ली गोळा झाली. हे सांगून राहिले, अवो काही नाई झालं, नुसता फोन आहे, पण आयकते कोण? ज्या माणसानं दहा-बारा वर्षं 'तब्येत जास्त आहे' म्हणून मेलेल्याची खबर आणली, त्याच्या 'काही नाई झालं'वर कोण विश्वास ठेवन? रडतरडत सगळी वरात दुकानात पोचली. फोन वाजला, कोणीतरी तो सत्यभामाबाईच्या कानाले लावला, आणि ती त्याच्यात नुसती हंबरली. तिकडे पोरगं घाबरलं, बाप गेला का काय म्हणून तेही रडायले लागलं. त्याले सांगायचं एवढंच होतं, की कारखान्यात तो परमनंट झाला.

शेठ लाल झाला. एक तर लग्नसराई, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्यात ही रडारड. म्हणाला, "तेजराम, तुझ्या चेहऱ्यावरच मौत लिहिली आहे. मले दुसरा माणूस पाहावा लागन." दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली.

हे घरी आले ते मान खाली घालून. जेवले नाई. म्हणाले, वरठीची पिशवी भरून ठेव. मले असा संताप आला! शेठवर आला, सत्यभामाबाईवर आला, आणि सगळ्यात जास्त यायच्यावर आला. म्हटलं, "अजी, तुमी एक घोट पाणी प्याले असते तर काय बिघडलं असतं? चांगली खबर असली की गल्लीतून ओरडत होते ना तुमी, पाणी काढून ठेवा म्हणून? मंग फोनच्या वेळेस तोंडाले काय कुलूप लागलं?"

हे म्हणाले, "फोन कायचा आहे ते मले कुठं माहीत असते?"

"मंग विचारा त्याले! तोंड आहे ना फोनले?"

दुसऱ्या दिवशी यायनं शेठचे पाय धरले नाई की काही नाई. नुसतं सांगितलं, फोन आला की आधी मले द्या, मी विचारून घेईन. शेठनं कुरकूर केली, लोकायच्या घरच्या गोष्टी विचारायच्या का म्हणे. पण एक दिवस पाहू म्हणाला. त्या दिवशी फोन आला भिलाईवरून, नात झाल्याचा. हे त्या घरच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि जोरात ओरडले, "पाणी काढून ठेवा हो!" त्या घरची म्हातारी हसत गडवा घेऊन आली. यायनं उभ्याउभ्या घोट घेतला आणि तिले दुकानात घेऊन गेले. शेठनं दुसरा माणूस पाहणं सोडून दिलं.

असं ते बसलं. कोणाचं पोरगं पास झालं, पाणी. कोणाची मनिऑर्डर निघाली, पाणी. साधं ख्यालीखुशालीचं असलं तरी पाणी. दिवसातून इतक्या घरचं पाणी पोटात जाई, की मी म्हणे, तुमची तर तळ्यावानी बोडी झाली आता, तुमच्यात सिंगाडे लावावे. हे हसत. किती दिवसायनं हसत होते.

आणि वाईट फोन असला, की हे तिकडच्या माणसाले सांगत, बाबू, तू पुन्हा फोन नको लावू, मी सांगतो. कोणी आयके, कोणी नाई आयके. आयकलं, की हे दुकानाच्या पायरीवर जरा वेळ बसत, मंग सायकल हातात धरून पायीच निघत. गल्लीत ओरडणं नाई, घंटी नाई. उंबऱ्याबाहीर उभे राहून तेच, तब्येत जास्त आहे, जेवून घ्या, चला. पहिले चाळीस मैल होते, आता दुकानापासून घरापर्यंत. पण संगं जाणं यायनं सोडलं नाई. शेठ म्हणे, पायरीवर कोण बसन? हे म्हणत, उद्या बसतो ना. एसटीत त्या घरच्यायसंग जात आणि शिवेवर खरं सांगत.

पंच्याऐंशीच्या रोवण्याची गोष्ट. माह्या भावाच्या, भय्याजीच्या बायकोले नऊ वर्षायनं दिवस गेले होते. आखाडात भय्याजी येऊन सांगून गेला, की काहीही झालं तरी तुमसरले जाऊन फोन करतो. माय त्याच्या हातानं निरोप देऊन होती, रोवणा झाला की ये, पोरगं पाहायले ये. मी रोज वाट पाहून राहिली. हे दुकानातून आले की आधी त्यायचं तोंड पाही. ते मानेनंच नाई म्हणत.

त्या दिवशी मी बांधीत जायले निघालीच होती. न्याहारी बांधून झाली होती, डोक्यावर घोंगडी घेतली होती, पाऊस भुरभुर चालू होता. गल्लीच्या तोंडाशी हे दिसले. इतक्या सकाळी हे दुकानातून कधी येत नसत. मले दुसरं काही सुचलंच नाई. वाटलं, फोन आला! मी उलट्या पायानं अंदर गेली, रांजणातून गडवा भरला आणि पदर सावरत बाहीर आली.

हे अंगणात नव्हते. उंबऱ्याच्याही बाहीर, कुंपणाच्या तिकडे उभे होते. सायकल शेजारच्यायच्या कुंपणाले टेकवलेली.

"भय्याजीचा फोन होता," हे म्हणाले. "मायची तब्येत जास्त आहे. तू आधी जेवून घे. मंग साकोलीची एसटी धरू."

मी गडवा पुढे केला. पावसानं केस भिजले होते त्यायचे, पण ओठ सुकून पांढरे पडले होते. पाण्याकडे त्यायनं पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"घरचं पाणी आहे," मी म्हटलं. "आपल्या घरचं. प्या."

"मंग पिईन," हे म्हणाले.

सगळं समजलं मले. वाटलं, ओरडावं, म्हणावं, माह्यापुढे कायचं सोंग करता? मले माहीत नाई का तुमचं काम? पण गडवा माघारी घेतला. इतकी वर्षं त्यायनं हे परक्या लोकायसाठी केलं होतं, आज ते माह्यासाठी करून राहिले होते. मी अंदर गेली आणि न्याहारीची पोटली सोडून जेवली. हे बाहीर भुरभुर पावसात उभे. मंग मी फिरकीचा तांब्या काढला, गडव्यातलं पाणी त्याच्यात ओतलं, झाकण घट्ट फिरवलं आणि पिशवीत ठेवलं.

साकोली, भंडारा, तुमसर. तीन एसट्या बदलल्या. हे माह्या बाजूले बसून होते. मधून मधून म्हणत, भय्याजीनं डॉक्टर आणला असन, या वयात असं जास्त-कमी होतेच. मी म्हणे, हो, होईन बरी. पोरगं झालं का तेही मी विचारलं नाई. भंडाऱ्याच्या स्टँडवर यायनं मले चहा पाजला, स्वतःसाठी घेतला नाई. तुमसरले नळ होता, लोक ओंजळीनं पाणी पिऊन राहिले होते. यायनं तिकडे पाहिलंही नाई.

खोटं कायले बोलू? फोन नसता तर मले मायचं तोंड दिसलं नसतं. बपेऱ्यावरून सायकलनं माणूस सानगडीले येता येता दिवस गेला असता आणि तोवर राख झाली असती. भय्याजीनं फोनवर यायले साफ सांगितलं होतं, की माय पहाटे गेली, दिवस बुडेपर्यंत ठेवतो, बहिणीले घेऊन या. ते मले त्यानं मागून सांगितलं. फोननं त्याचं काम केलं होतं. पुढचं काम यायचं होतं.

बपेऱ्याच्या अलीकडे एसटी थांबली तवा दिवस कलला होता. गाव समोरच दिसे, आमच्या आंब्याचा शेंडाही दिसे. एसटी निघून गेली. हे रस्त्याच्या कडेले थांबले, पिशवी खाली ठेवली, आणि माह्या खांद्यावर हात ठेवला. भर रस्त्यात असा हात त्यायनं कधी ठेवला नव्हता.

"धुरपता," हे म्हणाले, "माय गेली. पहाटेच गेली."

मी म्हटलं, "हो."

पिशवीतून तांब्या काढला. झाकण घट्ट बसलं होतं. ते मीच उघडलं, त्यायले उघडू दिलं नाई. म्हटलं, "आता प्या."

हे उभ्याउभ्या प्याले. सगळा तांब्या प्याले, शेवटचा थेंबही ठेवला नाई. मंग मी तिथंच रस्त्यावर बसली आणि रडली.